सहावं शील

त्या वर्षी आषाढ पौर्णिमेला आईने संध्याकाळचं जेवण सोडलं आणि मी तिच्याशी भांडण धरलं. आईला डायबेटिस होता, आमच्याकडे त्याला नुसतं 'साखर' म्हणायचे. सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशी गोळी चालू होती, आणि गोळी घेतली की अर्ध्या तासात पोटात काहीतरी गेलंच पाहिजे हे डॉक्टरांनी माझ्यासमोर तिला दोनदा बजावलं होतं. मला धर्माशी वाद घालायचा नव्हता. मला माझी आई जिवंत हवी होती, बास. चार महिन्यांपूर्वी आमच्या घरातून एक माणूस गेला होता. दुसरं कोणी जाऊ द्यायची माझी तयारी नव्हती.

गेला तो माझा धाकटा भाऊ. बावीस वर्षांचा होता, कांजूरमार्गच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला होता. कावीळ झाली आणि ती उलटली. त्याच्याबद्दल पुढे सांगावंच लागेल, पण आत्ता एवढंच पुरे, कारण त्याच्याबद्दल लिहायला बसले की माझा हात अजूनही अडतो.

आम्ही भांडुपला डोंगराच्या उतारावरच्या चाळीत राहायचो. मूळचे कणकवलीकडचे. बाबा एका इंजिनिअरिंग कंपनीत हेल्पर, मी मुलुंडला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला. आमच्या ओळीच्या वरच्या अंगाला पत्र्याचं बुद्धविहार होतं आणि पौर्णिमेला सगळी वस्ती तिथे पांढरे कपडे घालून जमायची. आषाढ ते आश्विन हे वर्षावासाचे तीन महिने, भिक्षू पावसात एका जागी राहतात ते. त्या काळात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालायचं. काही म्हाताऱ्या बायका पौर्णिमेपुरतं अष्टशील घ्यायच्या. आपण एरवी पाळतो ती पाच शीलं, आणि वर तीन. त्यातलं सहावं शील म्हणजे दुपारी बारानंतर जेवायचं नाही. हे एक दिवसापुरतं असतं. आईने ते तीन महिन्यांसाठी घेतलं.

मला धक्का बसला तो यामुळे की आमच्या घरात उपास हा शब्दच उरला नव्हता. आई लग्न होऊन आली तेव्हा सोमवार करायची म्हणे. मग गावाने धम्म स्वीकारला, आजोबांनी देव्हाऱ्यातले देव टोपलीत भरून नदीत सोडले, आणि देवांबरोबर सोमवार, चतुर्थी, नवस, सगळं गेलं. आम्हा भावंडांना उपास कधी कळलाच नाही. शाळेत मैत्रिणी साबुदाण्याची खिचडी आणायच्या तेव्हा मी त्यांना चिडवायचे, तुमच्या देवाला तुम्ही उपाशी राहिलेलं आवडतं का गं, म्हणून. ही फुशारकी मला घरातूनच मिळाली होती.

आणि आता माझी आई दुपारी साडेअकराला दोन भाकऱ्या आणि आमटी खाऊन ताट धुऊन पालथं घालायची ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. खाटेवर झोपायची ती खाली सतरंजीवर आली, तेही शीलातच. शीलात फुलंही चालत नाहीत, पण अंबाड्यात अबोलीचा गजरा असायचा, तो तर भाऊ गेल्यापासूनच गेला होता.

"आई, तुला शुगर आहे. तू भिक्षुणी नाहीस," मी म्हणायचे.

"माका भूक नाय गो," ती म्हणायची. तिचं ठरलेलं उत्तर.

"मग गोळी तरी सोड. जेवणार नसशील तर संध्याकाळची गोळी घेऊ नको."

"गोळी म्हणजे काय जेवाण न्हय. गोळयेन शील मोडणा नाय."

इथेच तर सगळी वाट लागली होती. तिने जेवण सोडलं, कारण ते शीलात बसत नव्हतं. गोळी सोडली नाही, कारण ती जेवण नव्हती. डॉक्टरांचंही ऐकायचं आणि शीलही पाळायचं, दोन्ही अगदी इमानेइतबारे. संध्याकाळी सहाला ती पाण्याच्या घोटाबरोबर गोळी गिळायची आणि विहारात ग्रंथवाचनाला जाऊन बसायची. मी दिवसभर गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरायचे, तिथल्या सुपरवायझरबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, अगं, रिकाम्या पोटी ही गोळी म्हणजे रक्तातली साखर एकदम खाली जायची, बाई झोपेतसुद्धा जाऊ शकते. त्या दिवसापासून मी ओव्हरटाइम बंद केला.

महिला मंडळातल्या बायकांनी तर आईला डोक्यावरच घेतलं. एक काकू मला नळावर म्हणाली, "काय तेज आलंय गं तुझ्या आईच्या तोंडावर."

"तेज नाही काकू, अशक्तपणा आहे," मी म्हटलं. "तुम्ही पण जरा जेवण सोडून बघा, तुम्हाला पण येईल."

काकू दोन महिने माझ्याशी बोलली नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. पण खरं सांगायचं तर त्या बायका आईला मान द्यायच्या, तिच्यासाठी पुढची जागा राखून ठेवायच्या, आणि आई तिथे ताठ बसायची. घरात ती दिवसभर भिंतीला टेकलेली असायची. तेव्हा मला हा फरक दिसत होता, पण त्याचा अर्थ लावायला मी थांबले नाही. माझा स्वभावच तसा. एकदा पेटले की समोर काय आहे ते बघत नाही.

बाबा भाऊ गेल्यापासून फारसं बोलत नव्हते. पण एका संध्याकाळी जेवताना मी आईला पुन्हा सुनावत होते तेव्हा त्यांनी हातातला घास खाली ठेवला. लहानपणी गावात कोणाच्या तरी दारात शिळ्या तुकड्यासाठी तासभर उभं राहावं लागायचं, हे ते आम्हाला कधी सांगत नसत. ते त्या दिवशी बोलले. म्हणाले, "भुकेन पुण्य गावता तर आमच्या आख्ख्या वाडयेक निर्वाण गावला असता. माझ्या बापाशीक तर दोनदा." मग आईकडे बघून म्हणाले, "आमका कोणी विचारल्यानी नाय, उपाशी रवतास काय म्हणान. तू हौशेन रवतंस."

बाबांनी घास उचलला नाही तो नाहीच.

मला ते बोलणं तेव्हा फार आवडलं. आपली बाजू भक्कम झाली असं वाटलं. भूक लादलेली असेल तर माणूस लाचार होतो आणि आपणहून घेतलेली असेल तर वर चढतो, असा काही फरक असतो का, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. पोटाला तो फरक कळत नाही एवढं मला नक्की ठाऊक आहे.

आता भावाचं.

कावीळ झाल्यावर डॉक्टरांनी पथ्य सांगितलं. तेल नाही, तूप नाही, मसाला नाही, मासळी नाही. ऊसाचा रस, मऊ भात, उकडलेला दुधी. आमचा भाऊ म्हणजे खाण्यावर जीव असलेला पोरगा, बांगड्याचं तिखलं असेल तर भाताचं पातेलं रिकामं करणारा. तो तीन आठवडे अंथरुणावर पडून दुधी खात होता. पथ्य सांभाळायची जबाबदारी मी घेतली होती. आईचं मन वितळेल म्हणून मी मसाल्याचा डबा माझ्या ट्रंकेत कुलपात ठेवला होता. शेजारून कोणी कालवण आणून दिलं तर दारातूनच परत पाठवायचे.

एकदा तो मला म्हणाला, "ताई, जरासं तिखट दे ना यार. जीभ मेली माझी. नुसतं बोट लावून दे."

मी म्हटलं, "मरायचंय का तुला?"

तो आईकडे वळला. आईने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तेव्हा ती त्याला म्हणाली, बरो झालंस काय करतंय हां, पोटभर करतंय. त्यानंतर तीन दिवसांनी त्याला गुंगी यायला लागली, दवाखान्यात नेलं आणि तिथून तो परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, लिव्हरच गेलं होतं, पथ्य पाळलं काय आणि न पाळलं काय. हे त्यांनी आमचं समाधान करायला सांगितलं असेल. आमचं झालं ते उलटंच. म्हणजे चमचाभर दिलं असतं तरी चाललं असतं.

त्या वैशाख पौर्णिमेला आईने खीर केली नाही. दर वर्षी ती विहारात खीरदानाला मोठा टोप न्यायची. मग आषाढ आला आणि तिने हे सुरू केलं. ह्या दोन गोष्टी मी कधी एकमेकींशी जोडल्या नाहीत. मला वाटलं, बायकांच्या नादाने धार्मिक व्हायला लागली. मूर्ख होते मी.

श्रावण पौर्णिमेनंतर आठ-दहा दिवसांनी आई विहारात बसल्या जागी कोसळली. मी नुकतीच कामावरून आले होते, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. एक बाई धावत आली. वर जाऊन बघते तर आई घामाने भिजलेली, डोळे उघडे पण ओळख नाही, दातखीळ बसत आलेली. मी ओरडून साखर मागितली. कोणी तरी घरून वाटीभर आणली, ती मी तिच्या गालात कोंबली, पाणी टाकलं, बोटाने हिरड्यांवर चोळली. दहा मिनिटांनी तिने मला ओळखलं. आणि ओळखल्यावर तिने पहिली गोष्ट काय केली असेल तर तोंडातली उरलेली साखर पदरात थुंकली. दुपार टळून गेली होती ना.

मी तिथे, त्या सगळ्या बायकांसमोर, रडले. रागाने रडले. हात उचलायचं तेवढं राहिलं होतं माझं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर मी हमी देत नाही. मी गोळ्या लपवल्या तर साखर चारशेच्या घरात. गोळ्या दिल्या तर ही अशी. जेवणाला तर ती हात लावत नव्हती. मग मी ठरवलं की हिला जे समजतं त्याच भाषेत कोणीतरी समजावलं पाहिजे. घाटकोपरच्या विहारात नागपूरकडचे एक वृद्ध भंते वर्षावासासाठी थांबले होते. रविवारी सकाळी मी एकटी तिथे गेले, वंदन केलं आणि सगळं सांगितलं. भावाचं पथ्य सोडून सगळं. ते मला सांगवलं नाही.

भंते ऐकून घेऊन म्हणाले, "त्यांना काही बोलू नका. पुढच्या रविवारी मला भोजनदानाला बोलवा."

भोजनदान म्हणजे भंतेंना घरी बोलावून दुपारच्या आत जेवू घालायचं. आईला किती दिवसांनी उत्साह आला. पहाटेपासून घर सारवल्यासारखं पुसलं, बाबांना नवीन चादर आणायला लावली, वाटाण्याची उसळ, वडे, भात, वरण, शेवयांची खीर. साडेदहाला भंते आले. आईने ताट वाढून दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे ठेवलं. ते शांतपणे जेवले, हात धुतले, आणि मग आम्ही तिघं समोर बसलो.

भंते आईला म्हणाले, "माय, तुम्ही संध्याकाळी जेवत नाही म्हणे."

"होय भंते."

"आजारी माणसाला सूट आहे. दुपारनंतरसुद्धा तूप, लोणी, तेल, मध, गूळ एवढं औषध म्हणून चालतं. आम्हा भिक्षूंना चालतं, तर तुम्हाला का नाही? चक्कर आली तेव्हा गुळाचा खडा तोंडात टाकला असता तर शील मोडलं नसतं. आणि दुखण्यासाठी लागत असेल तर अष्टशील सोडून पाच शीलांवर यावं. त्यात कमीपणा नाही."

आई खाली बघत होती. भंते पुढे म्हणाले, "भगवंतांनीसुद्धा हे करून पाहिलं होतं. सहा वर्षं. पोटाला हात लावला तर पाठीचा कणा लागायचा, इतके वाळले. शेवटी कोसळले. मग कळलं की ह्या वाटेने काही मिळत नाही. एका बाईने दिलेली खीर खाल्ली. बरोबरचे पाच जण होते, ते रागावून सोडून गेले. त्यांना वाटलं हा बिघडला. तुम्ही जेवलात तर इथल्या बायकाही कदाचित तसंच म्हणतील. म्हणू द्या."

मी आईकडे बघत होते. मनातून मला उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला बोलू. मी हेच तर दोन महिने सांगत होते.

तेवढ्यात आईने मान वर केली. "भंते, मी सोसतंय ता माझ्या झिलाक पोचता काय?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हे सगळं शील तिने तिच्या गेलेल्या मुलासाठी धरलं होतं. नवस टोपलीत भरून नदीत गेला होता, तो आईने पांढरं लुगडं नेसवून परत आणला होता. देव नव्हता, म्हणून तिने तो शीलापुढे मांडला होता. मी त्याला उपाशी ठेवलंय, आता मी उपाशी राहते, माझं त्याला पोचू दे.

भंते हो म्हणू शकले असते. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर म्हणालाही असता. ते म्हणाले, "दान दिलंत, त्याचं पुण्य त्याला अर्पण करता येतं. आज मला जेवू घातलंत, ते करूया आत्ता. पण माय, दुःख अर्पण करता येत नाही. ते त्याला पोचत नाही. ते फक्त तुमच्याजवळ राहतं."

मग त्यांनी ताटलीतल्या पेल्यात पाणी ओतत पुण्यानुमोदन केलं. आईने हात जोडले होते. पेला भरून पाणी ताटलीत सांडलं, तरी तिचे हात जोडलेलेच राहिले. बाबांनी ते धरून खाली घेतले.

त्या संध्याकाळी आई जेवली. मी वाढलं, तिने खाल्लं, ताट स्वच्छ केलं. दुसऱ्या दिवशीही जेवली. मी कंपनीत सगळ्यांना सांगितलं, आई जेवायला लागली म्हणून, सुपरवायझरबाईंना पेढा दिला. महिन्याभरात साखर ताब्यात आली.

पण ती विहारात जायची बंद झाली. पहाटे उठायची बंद झाली. पूर्वी अकरा वाजायच्या आत सगळं उरकायचं म्हणून ती लगबगीने उठायची, ते कारणच संपलं. मी कामावरून यायचे तेव्हा ती सकाळी बसलेली असायची तिथेच बसलेली. जेव म्हटलं की जेवायची, ऊठ म्हटलं की उठायची. एकदा मी तिची वेणी घालत होते तेव्हा म्हणाली, "पोचणा नाय ता बरा कळला. पण काय तरी करतंय असा वाटायचा. आता काय करू?" चिडून नाही, सहज विचारलं. मी वेणी घालत राहिले. मला पहिल्यांदा माझ्या तोंडाळपणाचा वीट आला.

भंते चुकले असं मी कधीच म्हणणार नाही. त्यांनी सांगितलं ते खरं होतं आणि त्याच खऱ्याने आईचा जीव वाचला. पण दोन महिने ती ज्याच्यावर उभी होती ते मी तिच्या पायाखालून काढून घेतलं, हेही खरंच आहे. कष्टाने माणूस वर चढत नसेल, कबूल. पण काही माणसं वर चढायला थोडीच बसतात उपाशी.

पुढच्या आषाढ पौर्णिमेला मी कोणाला न विचारता विहारात जाऊन अष्टशील घेतलं, त्या दिवसापुरतं. का घेतलं ते मला नीट सांगता येणार नाही. आई जिथे एकटी होती तिथे जाऊन बघावं, असं काहीतरी. अकराला जेवले. चार वाजेपर्यंत ठीक होतं. सहाला डोकं दुखायला लागलं. सातला बाबांचं आणि आईचं ताट वाढताना मला आमटीच्या वासाने मळमळायला लागलं, इतकी भूक. मी भावाची आठवण काढायचा प्रयत्न करत होते, डोळे मिटून, आणि मला फक्त भात दिसत होता. लाज वाटली मला. आईला एकदाही भूक लागली नव्हती, ती खरंच सांगत होती, 'माका भूक नाय गो', आणि मी ते बहाणा समजत होते.

"तुझा ताट खय?" आईने विचारलं.

मी सांगितलं, शील घेतलंय म्हणून.

ती माझ्याकडे बघत राहिली. वर्षभरात तिने माझ्याकडे असं बघितलेलं आठवत नाही. मग कोणी न सांगता उठली, हाताने भिंतीचा आधार घेत मोरीपर्यंत गेली, ताट धुतलं, त्यात भात वाढला, आमटी ओतली, वर एक तळलेली मिरची ठेवली, आणि माझ्यापुढे आणून ठेवलं.

"जेव," ती म्हणाली. "एकाक उपाशी धाडलंय. आता दुसऱ्याक नाय."

मी म्हटलं, "आई, ते मी केलं. तू देणार होतीस. मी मान हलवली."

"माका म्हायत आसा," ती म्हणाली. "जेव."

मी शील मोडलं आणि जेवले. ती समोर बसून माझं ताट संपेपर्यंत बघत होती.